इथे एकदाच विचारतात

ओहायोतल्या डब्लिनला आम्ही राहायला आलो ते २००३ साल. माझ्याकडे तेव्हा दोन गोष्टी भरपूर होत्या, वेळ आणि राग. नवऱ्याला नोकरीचा व्हिसा होता आणि मला त्याची बायको असल्याचा. नागपुरात बँकेच्या काउंटरवर बसून मी भल्याभल्यांना गप्प केलेलं होतं, आणि इथे मला कायद्याने कोणी पगारच देऊ शकत नव्हतं. फुकट राबायला मात्र कोणाची ना नव्हती, म्हणून मी मुलीच्या शाळेत लायब्ररीची पुस्तकं लावायला जाऊ लागले. घरी आल्यावर जो समोर दिसेल त्याच्यावर चिडायचे. बहुतेक वेळा तो नवराच असायचा.

आमच्या अपार्टमेंटच्या जिन्यावर समोरासमोर दोन दारं होती. दुसऱ्या दारात राहणारी बाई मूळची जॉर्डनमधल्या अम्मानची. डोक्याला स्कार्फ, तरातरा चालणं आणि बोलताना समोरच्याचं मनगट धरायची सवय. आठवड्याभरात तिने मला घरी बोलावलं. कॉफी घेणार का म्हणाली. मी म्हटलं, नको. पुन्हा विचारलं तर म्हटलं, अहो नको, आत्ताच चहा झालाय. तिसऱ्यांदा तिने विचारलं नाही, वेलदोड्याचा वास येणारी कॉफी सरळ समोर आणून ठेवली आणि मी प्यायले. पुढच्या आठवड्यात ती माझ्याकडे आली. मी पोहे पुढे केले, तिने छातीवर हात ठेवून मान हलवली. मी आग्रह केला, तिने पुन्हा मान हलवली. मी बशी हातात दिली, आणि मग बाईसाहेबांनी दुसरी बशी मागून घेतली. आमचं जमलं ते असं. घर सोडून इतक्या लांब आल्यावर कोणीतरी आपला नकार बरोबर वाचतंय याचं मला फार बरं वाटलं.

नाहीतर खालच्या मजल्यावरच्या अमेरिकन आजी. नाताळात त्या कुकीजचं ताट घेऊन वर आल्या. मी आपलं रीतीप्रमाणे म्हटलं, छे छे, कशाला त्रास घेतलात, नको. आजी म्हणाल्या, "ओके, डिअर!" आणि ताट घेऊन खाली गेल्या. मी दारात उभी, तोंड उघडं. समोरच्या बाईला हे सांगितलं तर तिच्या डोळ्यांतून हसून हसून पाणी आलं. याच आजींनी तिच्या दारातून दुधीसारख्या भाजीचा केक असाच परत नेला होता.

अम्मानला ती मुलींच्या हायस्कूलमध्ये गणित शिकवायची. नवरा सिव्हिल इंजिनिअर, मुलं अजून लहान. इथे आल्यावर तो एका ऑफिसात नकाशे काढायला लागला होता. २००१च्या शेवटी त्या ऑफिसात अचानक काम कमी झालं, म्हणजे फक्त त्याचं काम कमी झालं. पुढचं वर्षभर तो दारोदार अर्ज घेऊन फिरला. नंतर एका हॉटेलची व्हॅन चालवायला लागला, विमानतळ ते हॉटेल, हॉटेल ते विमानतळ. त्याच काळात ती भाजी आणायला दुकान उघडतानाच जायची, म्हणजे लोकांची गर्दी नको आणि लोकांच्या नजरा नकोत. काही महिन्यांनी तिचं तिलाच ते असह्य झालं. "मी काय चोरी केलीय?" ती मला सांगताना पुन्हा चिडली होती. त्याच तिरीमिरीत तिने इथल्या कॉलेजात नाव घातलं. अम्मानची पदवी इथे अर्धीमुर्धीच धरली जात होती, म्हणून शिकवून झालेले विषय ती पुन्हा विद्यार्थी होऊन शिकली. वर्गात तिच्या शेजारी तिच्या भाचीच्या वयाची पोरं च्युइंगगम चघळत बसायची. शिक्षकाचं लायसन्स मिळेपर्यंत ती आमच्याच भागातल्या मिडल स्कूलमध्ये टीचर्स एड झाली. वर्गात मागे पडलेल्या मुलाच्या शेजारी बसून त्याला मदत करायची, ते काम.

माझी मुलगी त्या शाळेत गेली तशी मीही तिथल्या लायब्ररीत गेले. त्यामुळे मला तिचं काम बघायला मिळालं. एक मुलगा होता, गणिताच्या तासाला बाकावर डोकं टेकून झोपणारा. सगळ्यांनी त्याच्यापुढे हात टेकले होते. ही त्याच्या शेजारी जाऊन बसली. त्याला उठवलं नाही, काही बोलली नाही. कागदावर त्याचं उदाहरण सोडवायला घेतलं आणि मुद्दाम चुकली. मग मोठा उसासा टाकला, खोडलं, पुन्हा चुकली. थोड्या वेळाने त्या मुलाने एक डोळा उघडून बघितलं. आणखी थोड्या वेळाने त्याला राहवलं नाही. त्याने तिच्या हातातली पेन्सिल काढून घेतली आणि म्हणाला, असं नाही, असं. ती म्हणाली, "अस्सं होय!" लायब्ररीच्या उघड्या दारातून मी समोरच्या वर्गातलं हे सगळं बघितलं आणि दिवसभर माझा मूड छान होता. माझ्या नवऱ्यालाही ते जाणवलं.

रविवारी ती मशिदीच्या तळघरात त्यांच्या लोकांच्या मुलांचं गणित घ्यायची. मुलांना सोडायला आलेल्या आया परत जायच्याच नाहीत, मागच्या बाकांवर बसून राहायच्या. त्यात बगदादची एक डॉक्टरीण होती, ती इथे लॅबमध्ये लोकांचं रक्त काढायची. दातांचं शिक्षण घेतलेली एक जण घरी शिवणकाम करायची. शिकलेल्या, हुशार बायका, पण इथे आपल्याला कोण विचारणार असं मनाशी धरून बसलेल्या. माझी अवस्था काही वेगळी नव्हती, त्यामुळे मीही अधूनमधून जाऊन बसायचे. ती त्यांना म्हणायची, "मी एकदा वर्गात उभी राहिले की तुम्हीही बघा कशा उभ्या राहता."

२००६च्या वसंतात ती लायसन्सची परीक्षा पास झाली. मे महिन्यात सातवीच्या गणिताच्या बाई नवऱ्याच्या बदलीमुळे गाव सोडून चालल्याचं कळलं. म्हणजे जागा रिकामी होणार होती. तिला तो वर्ग हवा होता. इतका हवा होता की जेवणाच्या सुट्टीत ती लांबचा फेरा घेऊन त्या खोलीवरून जायची, दारातून फळा बघायची आणि मग डबा खायला यायची. मी चिडवायचे, "काय, दर्शन झालं का?" तर लाजायची.

आणि एके दिवशी ती धावतच लायब्ररीत आली. गाल लाल झालेले. माझं मनगट धरून कुजबुजली, "प्रिन्सिपलनी मला विचारलं. सातवीचा वर्ग घेशील का म्हणाले."

"मग? तू काय म्हणालीस?"

"मी म्हटलं, नाही नाही, माझी काय लायकी, माझ्यापेक्षा चांगले पुष्कळ असतील."

"छान," मी म्हटलं. खरंच म्हटलं. यापेक्षा वेगळं काय बोलायचं असतं? लगेच हो म्हणून झडप घालणं बरं दिसतं का? "मग ते काय म्हणाले?"

"तू मोकळेपणाने सांगितलंस ते बरं झालं, म्हणाले. हसून हात मिळवला."

आता उद्या नाहीतर परवा ते दुसऱ्यांदा विचारतील आणि मग ती हो म्हणेल, यात आम्हा दोघींपैकी एकीलाही शंका नव्हती. घरी जाताना तिने रवा आणि पिस्ते घेतले. रव्याचा केक करून पाकात भिजवतात तो तिचा बसबूसा आनंदाच्या प्रसंगाला ठरलेला. दुसऱ्या दिवशी प्रिन्सिपल कॉरिडॉरमध्ये भेटले, "गुड मॉर्निंग" म्हणून पुढे गेले. त्याच्या दुसऱ्या दिवशीही तेच. शुक्रवारी सुट्टी झाली तरी काही नाही. "विचार करत असतील," मी म्हटलं. "हो, मोठा माणूस आहे, घाई कशी करेल," ती म्हणाली.

शनिवारी जेवताना मी हे सगळं नवऱ्याला सांगितलं. त्याचा घास हातातच राहिला.

"अगं, काय बोलतेस? तिने ऑफर रिजेक्ट केली!"

"रिजेक्ट कसली? नको म्हणाली फक्त."

"इथे नको म्हणजे नकोच! इथे एकदाच विचारतात, यार. तो आता दुसऱ्या कोणालातरी कॉल करेल. ऑलरेडी केला पण असेल."

खालच्या आजींचं ताट मला स्वच्छ आठवलं आणि इतके दिवस ते कसं आठवलं नाही याचा संताप आला. तशीच उष्ट्या हाताने समोरच्या दारात गेले. तिने बसबूसाच्या वड्या पाडून ठेवल्या होत्या. मी जे कळलं ते सांगितलं. ती खुर्चीवर बसली आणि स्कार्फचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. तिचा नवरा व्हॅनच्या ड्रायव्हरचा शर्ट घालून कामावर निघालेला, दारातच थांबला.

"तू सोमवारी सकाळी जा आणि सांग की मला वर्ग हवाय," मी तिला म्हटलं.

"झालं ते झालं," तिचा नवरा शांतपणे म्हणाला. "आपण मागायला जात नाही, सिस्टर."

तो कुठे कुठे मागायला गेला होता ते मला माहीत होतं. म्हणून आधी मी गप्प बसले. पण माझं गप्प बसणं फार टिकत नाही. तो मला सिस्टर म्हणायचा, मी त्याला ब्रदर. त्याच हक्काने मी भांडले. "ब्रदर, तुम्ही मागितलंत आणि त्यांनी दिलं नाही, त्याची लाज त्यांना. हिला ते देताहेत आणि ही घेत नाही, मग त्याची लाज कोणाला?"

तो चावी घेऊन जिना उतरून गेला. मला वाटलं, झालं, आता ही मैत्री संपली. पण तिने वडीची बशी माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाली, "मी स्वतःच्या तोंडाने कसं सांगू की मी चांगली आहे? माझ्या आईने ऐकलं तर ती माझं तोंड बघणार नाही."

"तुझी आई अम्मानला आहे. तुझा वर्ग इथे आहे."

रविवारी किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये, तिच्या गाडीत बसून आम्ही तालीम केली. मी प्रिन्सिपल झाले. "तू चांगलं शिकवतेस का?"

"अल्लाहची कृपा आहे."

"ती सगळ्यांवरच आहे. मी तुला विचारतोय."

"माझ्या मुली हुशार होत्या."

"त्या मुली इथे येणार नाहीयेत. तू चांगलं शिकवतेस का?"

"लोक म्हणतात."

"लोक गेले खड्ड्यात! तू काय म्हणतेस?"

"मी चांगलं शिकवते!" ती माझ्यावर इतक्या जोरात ओरडली की गाडीत सामान भरणारी एक बाई दचकून बघायला लागली. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि आम्ही दोघी हसत सुटलो. मग ती म्हणाली, आता तू म्हण. मी म्हटलं, मी कशाला? म्हण, म्हणाली. मी म्हणायला गेले, "मी बँकेत फार चांगली होते," आणि मला जमेना. जीभ अडखळली, कान तापले. आयुष्यात हे वाक्य मी कधी उच्चारलेलंच नव्हतं. तिला मी किती अवघड गोष्ट करायला सांगतेय ते मला तेव्हा समजलं.

सोमवारी ती प्रिन्सिपलच्या खोलीत गेली. परक्या पुरुषाबरोबर खोलीत असताना ती दार उघडं ठेवायची. त्यांनाही ते माहीत होतं, ती आली की दार मिटू नये म्हणून ते स्वतःच त्याला अडकण लावायचे. त्यामुळे बाहेर ऑफिसात परत आलेल्या पुस्तकांचा खोका घेऊन उभ्या असलेल्या मला सगळं ऐकू आलं. सेक्रेटरी बाईंना वाटत होतं मला काहीतरी विचारायचंय. मी त्यांना बोटानेच थांबा म्हटलं.

"मला वाटलं तुला इंटरेस्ट नाही," प्रिन्सिपल म्हणत होते. "आज दुपारी मी दुसऱ्या एका बाईंना बोलावलंय."

माझ्या हातातला खोका जड व्हायला लागला. आता ही म्हणणार, हो का, बरं बरं, आणि बाहेर येणार.

"त्या दिवशी मी नाही म्हटलं ती आमच्याकडची रीत आहे," तिचा आवाज आला. "ते उत्तर नव्हतं. उत्तर मी आज देते. मला हा वर्ग हवाय. अम्मानला अपूर्णांक बघून रडणाऱ्या मुली माझ्याकडे आल्या आणि त्यांतल्या काही आज इंजिनिअर आहेत. ते मी केलं. मी चांगलं शिकवते."

शेवटच्या वाक्याला तिचा आवाज कापला, पण वाक्य पूर्ण झालं. माझा ऊर असा भरून आला की मला सेक्रेटरी बाईंसमोर खोका खाली ठेवावा लागला.

"मग त्या दिवशीच का नाही सांगितलंस?" प्रिन्सिपल म्हणाले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. "दुपारच्या बाईंना मात्र मी भेटणार. मी शब्द दिलाय."

"भेटायलाच हवं," ती म्हणाली. "शब्द दिला असेल तर भेटा." आणि ताठ मानेने बाहेर आली. कॉरिडॉरच्या वळणापर्यंत ती ताठच होती. वळणाच्या पलीकडे तिने माझं मनगट असं आवळलं की बांगडी रुतली.

पुढचे दोन दिवस मी घरात कोणाशी धड बोलले नाही. नवरा म्हणाला, "इंटरव्ह्यू तिचा होता की तुझा?" बुधवारी ती लायब्ररीत माझ्यासमोर बसून डबा खात होती तेव्हा प्रिन्सिपल स्वतः चालत आले. "सातवीचा वर्ग तू घे..." एवढंच त्यांचं म्हणून झालं असेल, तोंडात घास असतानाच ती "यस" म्हणाली. ते हसले, मीही हसले. ती रडायला लागली आणि मग मीही. लायब्ररीत आवाज करू नये अशी पाटी मीच लावलेली होती, तिच्याखाली बसून आम्ही दोघींनी गळे काढले.

त्या रविवारी मशिदीच्या तळघरात मुलांचा तास बाजूला राहिला आणि मागच्या बाकांवरच्या बायकांचा तास झाला. तिने त्यांना एकेक करून फळ्यापाशी उभं केलं आणि आपल्याला काय येतं ते सांगायला लावलं. बायका लाजल्या, हसल्या, एकमेकींच्या मागे लपल्या. बगदादची डॉक्टरीण शेवटी उभी राहिली आणि म्हणाली, मी लहान मुलांची चांगली डॉक्टर होते. आणि मग स्वतःच सुधारून म्हणाली, आहे. तिने त्याच वर्षी इथल्या परीक्षांचा अभ्यास सुरू केला. शिवणकाम करणारी पुढे दातांच्या दवाखान्यात कामाला लागली. मीही त्या फळ्यापाशी उभी राहिले आणि या खेपेला माझी जीभ अडखळली नाही. कायदा बदलला नव्हता, पगार अजून मिळणार नव्हता, पण माझा राग मात्र निम्म्यावर आला.

ऑगस्टमध्ये शाळा सुरू झाली आणि माझी मुलगी तिच्याच वर्गात आली. पहिल्या चाचणीत तिला 'ए'च्या ऐवजी 'बी' मिळाला. "आई, शी इज सो स्ट्रिक्ट," म्हणून घरी आरडाओरडा झाला. "काकू आपल्या ओळखीच्या आहेत ना?" असं तिने मराठीत म्हणून बघितलं. काकू ओळखीच्या होत्या, बी मात्र तसाच राहिला.

सप्टेंबरमध्ये पालकांची संध्याकाळ होती. या दिवशी आईवडील मुलांच्या बाकांवर बसतात आणि शिक्षक वर्षभरात काय शिकवणार ते सांगतात. मी दुसऱ्या रांगेत बसले. दारातून आत येणारे पालक फळ्यापाशी उभी असलेली ती बघायचे, तिचा स्कार्फ बघायचे आणि पाऊल टाकता टाकता जरासे थांबायचे. सगळे नाही, पण काही जण. माझा पारा चढायला लागला होता. तिने मात्र एकेकाच्या डोळ्यांत बघून नमस्कार केला, यावं बसावं केलं, आणि बोलायला लागली. गृहपाठ किती, चाचण्या कधी, कोणतं मूल कुठे अडतं हे तिला तोंडपाठ होतं. एका वडिलांनी हात वर करून विचारलं, तुमचं शिक्षण कुठे झालं?

"अम्मानला आणि ओहायोला," ती म्हणाली. "अल्जिब्रा मी दोन देशांत दोनदा शिकले. तुमच्या मुलांना तो एकदाच शिकावा लागेल, कारण मी फार चांगलं शिकवते."

कोणीतरी मोठ्याने हसलं, मग सगळेच हसले, तो बापही हसला. वर्ग सैल झाला. पालक पुढे वाकून प्रश्न विचारायला लागले आणि ती त्यांना फळ्यावर लिहून दाखवायला लागली. तिने खडू उचलला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते पुसलं नाही. मला तिचा इतका अभिमान वाटत होता की शेजारच्या बाईला धरून हलवावंसं वाटत होतं.

मागे वळून बघितलं तर शेवटच्या रांगेत, दाराजवळ, तिचा नवरा बसला होता. कधी आला ते कळलंच नव्हतं. व्हॅनचा शर्ट नव्हता, कोट आणि टाय होता. त्या लहान बाकात त्याचे गुडघे मावत नव्हते. पालकांना वाटलेला कागद त्याने दोन्ही हातांत धरला होता आणि तो फळ्याकडे बघत होता. त्यांची स्वतःची मुलं या शाळेत नव्हती, ती अजून धाकट्या शाळेत होती. शेजारी बसलेल्या एका आईला हे कुठून ठाऊक असणार? ती त्याच्याकडे वळून गोड हसली आणि त्या संध्याकाळी सगळेच एकमेकांना विचारतात तेच तिने विचारलं, "यातलं तुमचं कोण?"

त्याने फळ्यावरची नजर हलवली नाही. हात उचलून समोर दाखवलं आणि सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "ती. ती उभी आहे ना, ती माझी."